दोन अळ्या, एक पऱ्हाटी

मी मराठीचा अध्यापक. जीवशास्त्राची आणि माझी ताटातूट शाळेतच झाली. तरीही वाचकहो, डार्विन मला भेटला तो हिंगणघाटजवळच्या आमच्या वडिलोपार्जित वावरात, २०१७ सालच्या दिवाळीनंतर!

दादाने एक हिरवेगार बोंड माझ्या तळहातावर ठेवले आणि नखाने फोडले. आत सरकी कुरतडत शेंदरी अळी बसली होती. बाहेरून बोंडाला काही झाल्याचे दिसतही नव्हते. त्या हंगामात विदर्भातल्या कितीतरी वावरांची हीच गत झाली.

बीटी कपाशी आपल्याकडे २००२ साली आली. मातीतल्या एका जिवाणूचे जनुक तिच्यात घातलेले; बोंड खाणारी अळी त्या विषाने मरे. २००६ साली दुसऱ्या जनुकाची भर पडली. हिरवी बोंडअळी दबली ती बरीचशी दबलेलीच राहिली. मग शेंदरीच का उठली?

आमच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्याने चहा पिता पिता हे कोडे उलगडले. खुबी अळीच्या बिऱ्हाडात आहे. हिरवी अळी दहा घरची पाहुणी; तिला तूर चालते, हरभरा चालतो. तिथे विष नाही, म्हणून तिचे साधे भाऊबंद जगतात. शेंदरीला कपाशीवाचून दुसरे घर जवळजवळ नाहीच. एखादीच अळी विष पचवणारी निघते, तीही उपजतच. हा गुण बहुधा आईबाप दोघांकडून यावा लागतो. अशा पतंगाचा साध्या पतंगाशी जोडा जमला, तर पिले विषाला बळी पडतात. साधे उरलेच नाहीत, तर सोयरीक आपसात होते आणि सगळे गोत्रच विष पचवू लागते! त्यात आम्ही फरदड राखून उन्हाळ्यापर्यंत तिची पंगत चालू ठेवलेली. गॅलापॅगॉस बेटांवरच्या फिंच पक्ष्यांच्या चोची निरनिराळ्या झाल्या त्याही याच रीतीने: गुण वंशातून येतो, निवड परिसर करतो.

साधे पतंग शिल्लक राहावेत म्हणून तेव्हा बियाण्याच्या थैलीसोबत १२० ग्रॅम बिनबीटी सरकीची वेगळी पुडी मिळे. ती वावराच्या कडेने लावायची. पुढच्या खेपेस मी दादाला विचारले, "ती पुडी लावत होतास का रे?"

"अळी पोसाले पऱ्हाटी लावू का मी?"

मी त्याला सोयरिकीचा सगळा हिशेब सांगितला. तो गप्प बसून ऐकत राहिला.

"हे तवाच सांगाचं होतं ना, मास्तर!"

तेव्हा मला तरी कुठे ठाऊक होते? कोठीच्या कोपऱ्यात तीन वर्षांच्या पुड्या न फोडलेल्या पडल्या होत्या.