जर्सी एकीची, घाम सातजणींचा!

'टीम प्लेयर' हा शब्द आपल्या सगळ्यांच्या बायोडेटात असतो. पण तो जगायचा कसा, हे बघायचं असेल तर बायकांची टूर द फ्रान्स बघा. ऑफिस पॉलिटिक्ससकट सगळं सापडेल!

'आर यू अ टीम प्लेयर?' इंटरव्ह्यूमधला हा प्रश्न आणि त्याचं 'ऑफ कोर्स!' हे उत्तर, दोन्ही आपल्याला तोंडपाठ आहेत. गोची होते ती अप्रेझलला. काम सहाजणांनी मिळून केलेलं असतं आणि रेटिंग मात्र एकेकट्याला मिळतं. मग वाटतं, दुसऱ्याच्या प्रेझेंटेशनसाठी रात्री अकरापर्यंत थांबून मला काय मिळालं?

हा प्रश्न डोक्यात घेऊन मी सायकल रेस बघायला लागले आणि तिच्या जाम प्रेमात पडले. कारण हा खेळच मुळी या प्रश्नावर उभा आहे.

फंडा सोपा आहे. टूर द फ्रान्स फाम ही बायकांची रेस सध्याच्या रूपात 2022 पासून होते. 2025 मध्ये तिचे नऊ टप्पे होते. रोजचा वेळ बेरजेत धरला जातो आणि ज्या रायडरची बेरीज सगळ्यांत कमी, तिला पिवळी जर्सी. रस्त्यावर उतरतात त्या सातजणींच्या टीम्स, पोडियमवर मात्र एकटीच उभी राहते.

वारा कोण खाणार?

सायकलवाल्याचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे वारा. पुढची सायकल वारा अंगावर घेते आणि तिच्या चाकाला चिकटून चालवणारीची ताकद वाचते. ही बचत तीस टक्क्यांच्या आसपासही जाऊ शकते. म्हणून लीडरला दिवसभर आडोशाला ठेवायचं आणि शेवटच्या चढासाठी ताजंतवानं पोचवायचं, हे बाकीच्या सहाजणींचं काम.

या मदतनीस रायडर्सना म्हणतात 'डोमेस्टिक'. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ चक्क घरगडी! त्या मागे टीमच्या गाडीपर्यंत जातात, जर्सीत पाण्याच्या बाटल्या कोंबतात आणि पुन्हा जोर लावून पुढे येऊन त्या वाटतात. लीडरची सायकल पंक्चर झाली, तर वेळ पडल्यास आपलं चाक काढून देतात. शेवटच्या चढाच्या पायथ्याशी त्यांचं काम संपतं. तिथून त्या हळूहळू मागे पडतात आणि कॅमेरा पुढे निघून जातो.

हे फुकटचं पुण्यकर्म नाही बरं का, ही नोकरी आहे. पण बायकांच्या सर्वोच्च श्रेणीच्या टीम्सना किमान पगाराचा नियम लागू झाला तो थेट 2020 मध्ये, वर्षाला 15,000 युरो. त्याआधी अनेकजणी दुसरी कामं सांभाळून रेस करायच्या. बक्षिसाची रक्कम जिंकणारीने टीममध्ये वाटायची, हा या खेळातला जुना रिवाज. आपल्याकडे बोनस असा वाटून झाला तर?

दोन पत्ते, एक डाव

टीमवर्क म्हणजे फक्त हमाली नव्हे, त्यात डोकंही लागतं. 2025 चा पहिला टप्पा बघा. शेवटच्या चढावर फ्रान्सच्या पॉलीन फेरां-प्रेव्होने मुसंडी मारली. प्रतिस्पर्ध्यांना तिच्या मागे धावणं भाग होतं. तिच्याच टीमची मारियान व्होस मात्र धावणाऱ्यांच्या चाकामागे आरामात बसली आणि शेवटच्या क्षणी सुसाट निघून टप्पा जिंकली. पॉलीन तिसरी आली. आठ दिवसांनी पिवळी जर्सी घालून अख्खी टूर जिंकली ती पॉलीननेच. कोणाचा दिवस कधी, हे टीममध्ये स्पष्ट असलं की असे डाव जमतात.

चार सेकंदांची गोष्ट

आणि स्पष्ट नसलं की? एसडी वर्क्स या डच टीमच्या दोन वर्षांची ही कहाणी.

2023 मध्ये त्यांच्या बेल्जियन लोट्टे कोपेकीने पहिल्याच दिवशी पिवळी जर्सी मिळवली. पण डोंगरांसाठी टीमचा हुकमी एक्का होती डेमी व्होलेरिंग. तूरमाले घाटात डेमी सुटली आणि जर्सी एका मैत्रिणीकडून दुसरीकडे गेली. शेवटच्या दिवशीच्या टाइम ट्रायलमध्ये पहिल्या तिघी याच टीमच्या! डेमी चॅम्पियन, कोपेकी दुसरी. एकदम सही.

2024 मध्ये डेमी पुन्हा पिवळ्या जर्सीत होती. मोसमानंतर ती टीम सोडणार, अशी चर्चा वसंतातच सुरू झाली होती. पाचव्या टप्प्यात साधारण सहा किलोमीटर उरलेले असताना ती जोरात आपटली. उठली, पण दोन मिनिटांना थोडाच कमी वेळ गमावून बसली. त्याच वेळी पुढच्या घोळक्यात तिच्याच टीमची ब्लांका वाश टप्पा जिंकत होती! पुढे असलेल्यांना डेमी पडल्याचं वेळेत कळलंच नाही, असं नंतर सांगण्यात आलं. टीका मात्र भरपूर झाली.

पिवळी जर्सी गेली पोलंडच्या कासिया निवियादोमाकडे. शेवटच्या टप्प्याआधी कासिया डेमीच्या 1 मिनिट 15 सेकंद पुढे होती. डेमीने पन्नासहून जास्त किलोमीटर बाकी असतानाच ग्लांदों घाटात हल्ला चढवला आणि आल्प द्युएझच्या माथ्यावर टप्पा जिंकला. कासिया आली 61 सेकंदांनी. त्यात डेमीचे 10 बोनस सेकंद धरा. 75 वजा 71. आठ टप्प्यांच्या टूरचा फैसला चार सेकंदांनी, कासियाच्या बाजूने!

यात वाशची चूक काढायला माझं मन धजत नाही. टप्पा जिंकणं हेही तिचं कामच होतं. पण आपलं माणूस मागे पडलंय, हे ज्या टीमला वेळेत कळत नाही, तिथे कोणीही वाईट न वागता नुकसान होतं. हे आपण ऑफिसात दर महिन्याला बघतो, नाही का?

सोमवारी ऑफिसात ट्राय करा!

• प्रोजेक्ट सुरू होतानाच विचारा, या वेळी लीडर कोण? सगळेच लीडर असतील तर वारा कोणीच खात नाही.

• मागे कोण राहिलंय, हे रोज एकदा बघा. त्यासाठी मीटिंग नको, एक फोन पुरतो.

• नोकरी सोडून चाललेल्यालाही शेवटच्या दिवसापर्यंत टीममध्ये धरा. डेमीने ती शेवटची चढाई केली तेव्हा ती एसडी वर्क्सचीच होती.

• आणि बॉसलोकहो, मेलमध्ये 'थँक्स टू द टीम' लिहिताना बाटल्या आणणाऱ्यांची नावंही लिहा. सहाच तर असतात!