जुन्या गाडीला पीयूसी माफ असते का?

मागच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी हेच विचारलं.

थोडक्यात सांगतो, नुसती जुनी आहे म्हणून सूट नाही. पण प्रत्येक पिढीचा पेपर वेगळा. पेट्रोल कारचा धूर तपासताना इंजिन आयडलवर ठेवतात. बीएस-४ कारला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के, तर बीएस-२ च्या आधीच्या कारला ३ टक्के. दहापट! कारण त्या काळच्या बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटर. ना सेन्सर, ना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी म्हणतो. म्हणून कार्ब्युरेटर ट्यून करून, इंजिन गरम झाल्यावर, चोक बंद ठेवून टेस्टला जा. नीट सांभाळलेली पद्मिनीही पास होऊ शकते.

मग ‘व्हिंटेज’ म्हणजे काय? २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार, पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपातली खासगी दुचाकी किंवा कार. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, नंबरात ‘व्हीए’, मुदत १० वर्षं. पण मेख इथेच आहे: ही गाडी रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. रोज ऑफिसला नाही.

म्हणजे आजोबांची गाडी रोज चालवायची असेल, तर साधीच नोंदणी ठेवा. महाराष्ट्रात दर ५ वर्षांनी आरटीओत नूतनीकरण आणि पर्यावरण कर, शिवाय दर ६ महिन्यांनी पीयूसी. ती नसेल तर दंड १०,००० रुपयांपर्यंत. तेव्हा गाडी मिरवायची की चालवायची हे आधी ठरवा, मग फॉर्म भरा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!