रस्त्यावरची माणसे कुठे गेली?

दीडशे वर्षांपूर्वीच्या मुंबईचे फोटो पाहिले, की बरेचजण म्हणतात, "काय निवांत शहर होते!" रस्ते रुंद, मोकळे, जवळजवळ निर्मनुष्य. पण हा निवांतपणा बऱ्याच वेळा शहराचा नव्हे, कॅमेऱ्याचा असतो.

त्या काळी काचेवर कलोडियनचा चिकट थर द्यायचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची आणि ओली असतानाच फोटो काढून लगेच धुवायची. त्यासाठी काळोखा तंबू बरोबर न्यावा लागे. चित्र उमटायला कित्येक सेकंद लागत. तेवढ्यात बैलगाडी निघून जाई, पाटीवाला पुढे सरके. काचेवर राहिलाच तर एखादा धुरकट पट्टा. उरत त्या इमारती, आणि झाडाखाली रवंथ करणारा बैल!

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते, विल्यम जॉन्सनही होता. या जॉन्सनने १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईतल्या नाना जातिजमातींच्या लोकांचे दोन खंड काढले. त्यातली माणसे मुंबईच्या देखाव्यांपुढे उभी दिसतात. प्रत्यक्षात माणसे वेगळी टिपली, देखावे वेगळे, आणि दोन्ही नंतर जोडले. पोशाख खरा, इमारत खरी. तो माणूस तिथे उभा होता, हे मात्र खरे नाही. जुना फोटो पुरावा म्हणून पाहताना जरा जपूनच.

आता आपल्या शिरूर-दौंडकडे येऊ. शिरूरच्या छावणीतून ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री पलटण कोरेगावकडे निघाली, तेव्हा फोटोग्राफी जन्मलीच नव्हती. ती जगापुढे आली १८३९ मध्ये. दौंडचे तसे नाही. ते गाव रेल्वेने घडवले, १८७८ साली मनमाडचा मार्ग जोडला गेला आणि ते जंक्शन झाले. पण बाहेरून आलेल्या हौशी मंडळींनी काढलेले दौंडचे जे फोटो मी पाहिले, त्यांत इंजिने आहेत, बाजारपेठ नाही. शिवाय जुन्या इंग्रजी कागदांत दौंड 'धोंड' असते आणि शिरूर 'सिरूर'. शोधणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

म्हणून या गावांचा बदल पाहायचा तर घरातले अल्बम उघडायला हवेत. वरातीच्या फोटोत नवरदेवामागे दुकानाची पाटी असते, टांगा असतो, माळवदाचे घर असते. फोटोवाल्याने ते मुद्दाम टिपलेले नसते, म्हणूनच त्यावर विश्वास ठेवता येतो. स्टुडिओतल्या पडद्यावरचा राजवाडा मात्र कितीही देखणा असला, तरी गावाविषयी काहीच सांगत नाही.

वाटण्या होतात, जुने घर पाडले जाते, आणि हे अल्बम रद्दीत जातात. तेव्हा घरातल्या थोरांजवळ आताच बसा. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने कोण, कुठे, साधारण कधी, एवढे लिहून ठेवा. शाई नको, ती पुढच्या बाजूला उतरते. चिकट पानांवरचे फोटो ओढून काढू नका, पानासकट स्कॅन करून घ्या. आणि स्कॅन करताना नुसता नवरदेव ठेवून कडा कापू नका. कोपऱ्यात टेकवलेली सायकल आणि अर्धवट दिसणारी ती पाटी, दोन्ही राहू द्या.