सेंद्रिय भाजी : जास्तीचे पैसे कशासाठी?

सेंद्रिय भाजी खरोखर अधिक सकस असते काय, आणि दुप्पट पैसे मोजून ती घ्यावी काय, असे हल्ली पुष्कळ माताभगिनी आम्हांस विचारतात. बेळगावच्या बाजारात आता तांदूळ, गूळ, डाळी यांच्या पाकिटांवरही 'सेंद्रिय' असे छापलेले दिसते. मोजक्या मिळकतीत घर चालविणाऱ्या बाईला 'आरोग्यापुढे पैसा काय' असे सांगून भागत नाही.

केवळ पोषणासाठी दुप्पट दाम देऊ नये, असे आमचे मत आहे. २०१२ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी दोनशेहून अधिक अभ्यास एकत्र तपासले. जीवनसत्त्वांच्या बाबतीत सेंद्रिय माल सरस आहे असे ठामपणे दिसले नाही. २०१४ साली इंग्लंडातील न्यूकॅसल विद्यापीठाच्या पुढाकाराने ३४३ अभ्यासांची छाननी झाली. तीत मात्र सेंद्रिय पिकांत काही अँटिऑक्सिडंट द्रव्ये जास्त आणि कॅडमियम हा घातक धातू कमी आढळला. तेवढ्याने खाणाऱ्याची प्रकृती किती सुधारते, हे अद्याप सिद्ध झालेले नाही. कीटकनाशकांचे अंश सेंद्रिय मालात कमी वेळा सापडतात, हे दोन्हीकडे दिसले.

अन्नातले सत्त्व खतापेक्षा इतर गोष्टींवर अधिक अवलंबून असते. पालेभाजी खुडल्यापासून तिच्यातील 'क' जीवनसत्त्व घटू लागते. दोन दिवस पिशवीत कोमेजलेल्या सेंद्रिय पालकापेक्षा सकाळी खुडलेला साधा माठ बरा. तांदळाचेही तसेच. भात उकडताना कोंड्यातील 'ब' जीवनसत्त्वे दाण्यात शिरतात, म्हणून आपला साधा उकडा तांदूळ या बाबतीत पांढऱ्याशुभ्र, सडलेल्या सेंद्रिय तांदळाहून सरस ठरतो. आणि सेंद्रिय गूळ झाला तरी तो शेवटी गूळच!

देशाच्या २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळले. माणशी रोज निदान ४०० ग्रॅम भाजी व फळे पोटात जावीत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आठवड्याच्या भाजीचे पैसे ठरलेले असतील आणि दर दुप्पट झाला, तर भाजी निम्मीच येते. मग ताटात उरलेल्या घासावर सर्वांत आधी घरची बाईच पाणी सोडते. त्यापेक्षा त्याच पैशांत माठ (गोव्यात जिला तांबडी भाजी म्हणतात), शेवग्याचा पाला व कडधान्ये भरपूर आणावीत, वर लिंबू पिळावे आणि जेवणाला लागून चहा घेऊ नये. लिंबाने लोह अंगी लागते, चहाने अडते.

पैसा हाती खेळत असेल, तर सालीसकट कच्चे खाल्ले जाते ते, म्हणजे द्राक्षे, टोमॅटो, कोथिंबीर, आधी सेंद्रिय घ्यावे. इतर भाजी वाहत्या पाण्याखाली चोळून धुतल्याने वरचे अंश पुष्कळसे जातात, आत मुरलेले जात नाहीत.

सेंद्रिय मालाला चार पैसे जास्त देण्याचे खरे कारण आमच्या मते वेगळेच आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले. खाणाऱ्याच्या ताटात विषाचा अंश येतो; फवारणाऱ्याच्या अंगावर व श्वासात पंपातले विषच जाते. तो माणूस वाचावा म्हणून कोणी जास्त दाम देत असेल, तर त्यास आम्ही उधळपट्टी म्हणणार नाही.

मात्र चिठ्ठी पारखून घ्यावी. १ जुलै २०१८ पासून पाकीटबंद सेंद्रिय मालास प्रमाणपत्र लागते. त्यावर 'जैविक भारत' हे चिन्ह पाहावे. स्वतःचा माल थेट विकणाऱ्या छोट्या शेतकऱ्यास प्रमाणपत्राची सूट आहे, तेव्हा तेथे तोंडीच चौकशी करावी लागते. सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही असेही नव्हे. मोरचूद व चुन्याचे बोर्डो मिश्रण त्यातही मर्यादित प्रमाणात चालते. म्हणून दर ठरविण्यापूर्वी त्याला विचारावे : शेणखत कोठून आणता, मावा पडला तर काय मारता, शेजारच्या शेतातली फवारणी बांधावरून आत येते काय? ज्याने खरोखर तशी शेती केली आहे, तो या प्रश्नांनी रागावत नाही. उलट निंबोळी अर्क कसा काढावा हे सांगत अर्धा तास थांबवून घेतो.