मनगटातला बोगदा आणि मिलिसेकंदांचा हिशेब

रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते, बोटे बधिर होतात आणि हात जोराने झटकला की बरे वाटते, अशी तक्रार तुम्ही घरात किंवा शेजारी कोणाच्या तरी तोंडून ऐकली असेल. बाहेरून पाहावे तर हात ठणठणीत दिसतो. जखम नाही, सूज नाही. क्ष-किरण चित्रातही बहुधा काही सापडत नाही. मग "हात अवघडला असेल" असे म्हणून विषय तेथेच संपतो. परंतु पुष्कळदा या तक्रारीमागे एक खराखुरा बिघाड असतो आणि तो मोजता येतो. त्यासाठी लागणारे सूत्र तुम्ही शाळेत शिकलेले आहे: वेग म्हणजे अंतर भागिले काळ.

बोगद्यातली दाटी

मनगटाच्या आत लहान लहान हाडांची एक पन्हळ असते. तळहाताच्या बाजूने तिच्यावर जाड, चिवट अस्थिबंधाचे छप्पर असते. अशा रीतीने जो बोगदा तयार होतो, त्याला 'कार्पल टनेल' म्हणतात. या अरुंद जागेतून बोटे व अंगठा मिटवणाऱ्या नऊ कंडरा जातात आणि त्यांच्या सोबतीने 'मीडियन' नावाचा एक मज्जातंतू जातो. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडील बाजू यांच्या संवेदना तो मेंदूकडे नेतो. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या बहुतेक स्नायूंना मेंदूची आज्ञा पोचवतो तोही हाच. करंगळी आणि अनामिकेची उरलेली बाजू 'अल्नर' या दुसऱ्या मज्जातंतूकडे असते. तो या बोगद्यातून जात नाही. म्हणूनच या विकारात करंगळी सहसा वाचते.

बोगद्याच्या भिंती फारशा ताणल्या जात नाहीत. त्यामुळे आतल्या आवरणांना थोडी सूज आली तरी मज्जातंतूवर दाब येतो. झोपेत मनगट वाकलेले राहिले की हा दाब वाढतो. मनगट वाकवून व जोर लावून वारंवार करावी लागणारी कामे, मधुमेह, थायरॉइड ग्रंथीचे मंदावलेले कार्य, संधिवात, गरोदरपण अशा अनेक कारणांनी हा त्रास संभवतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये तो अधिक आढळतो.

मज्जातंतू म्हणजे अतिशय बारीक तंतूंची जुडी. त्यातील जाड तंतूंवर मायेलिन या पदार्थाचे वेष्टन असते आणि त्यात ठराविक अंतरावर फटी असतात. विद्युत् संदेश या फटीवरून त्या फटीवर जणू उड्या मारीत धावतो. दाबामुळे वेष्टन खराब झाले की उड्या रखडतात आणि वेग घटतो. दाब तसाच राहिला तर पुढे तंतूच मरू लागतात.

हेल्महोल्ट्झची युक्ती

मज्जातंतूतील संदेशाचा वेग कधी मोजता येईल, असे एके काळी मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही वाटत नव्हते. जोहानेस म्युलर हे जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ त्यांपैकीच एक. त्यांचेच विद्यार्थी हेर्मान हेल्महोल्ट्झ यांनी १८५० मध्ये बेडकाच्या मज्जातंतूतील वेग मोजून दाखवला. तो सेकंदाला तीसेक मीटर भरला. प्रकाशाच्या किंवा ध्वनीच्या वेगाशी तुलना करता हा वेग किती सामान्य!

त्यांची युक्ती साधी होती. मज्जातंतूला विजेचा झटका दिल्यापासून स्नायू आकुंचन पावेपर्यंतचा काळ मोजला, तर त्यात संदेशाच्या प्रवासाबरोबर स्नायूने घेतलेला वेळही मिसळलेला असतो. म्हणून त्यांनी झटका एकदा स्नायूजवळ आणि एकदा दूर दिला. दोन्ही काळांची वजाबाकी केली की स्नायूचा वेळ आपोआप उडून जातो. उरतो तो केवळ दोन बिंदूंमधील प्रवासाचा काळ.

दवाखान्यातील गणित

आजच्या तपासणीतही हीच वजाबाकी असते. अंगठ्याच्या मुळाशी त्वचेवर इलेक्ट्रोड चिकटवतात. मग मनगटाजवळ विजेचा अत्यंत अल्पकालीन सौम्य झटका देतात. अंगठा टचकन हलतो आणि यंत्राच्या पडद्यावर लहर उमटते. नंतर तसाच झटका कोपराच्या खोबणीत देतात.

उदाहरणादाखल आकडे घेऊ. मनगटापासून संदेश पोचायला ३.५ मिलिसेकंद लागले आणि कोपरापासून ७.५. फरक ४ मिलिसेकंद. कोपर ते मनगट अंतर २२ सेंटिमीटर. म्हणजे वेग ०.२२ भागिले ०.००४, अर्थात सेकंदाला ५५ मीटर. हा हात निरोगी आहे.

आता दुसरा हात पाहा. अंतरे तीच, परंतु मनगटापासून ६ मिलिसेकंद आणि कोपरापासून १०. वजाबाकी पुन्हा ४, वेग पुन्हा ५५! मग बिघाड कोठे? कोपरापासून मनगटापर्यंत संदेश वेळेवर आला. पुढच्या सात-आठ सेंटिमीटरमध्ये मात्र रखडला. या टप्प्याला साधारण साडेचार मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागणे योग्य नव्हे. रुग्णाच्या हाताला टाचणीही न टोचता अडथळ्याची जागा सापडली. मनगटाजवळ होणारा हा विलंब निदानासाठी वापरता येतो, हे ब्रिटनमधील जे. ए. सिम्प्सन यांनी १९५६ मध्ये दाखवून दिले.

अनामिकेची साक्ष

दाब थोडाच असेल तर अंगठ्याकडे जाणारे संदेश वेळेवर पोचतात. आधी रखडतात ते संवेदनांचे संदेश. त्यांच्यासाठी अनामिका फार उपयोगी पडते. हे एकच बोट, पण त्याची चाकरी दोन मज्जातंतू करतात. बोटात कड्यांसारखे इलेक्ट्रोड घालून झटका दिला की एक संदेश मीडियनने बोगद्यातून, तर दुसरा अल्नरने बोगद्याबाहेरून मनगटाकडे निघतो. दोघांचे अंतर सारखेच ठेवतात. निरोगी हातात दोघे जवळजवळ बरोबर पोचतात. मीडियनचा संदेश सुमारे अर्धा मिलिसेकंद मागे पडला तर बोगद्यात दाटी झाल्याची शंका बळावते. पापणी लवायला याच्या दोनशेपट तरी वेळ लागतो!

हे मापन सोपे नाही. त्वचेवर पोचणारा संवेदनेचा संदेश जेमतेम काही मायक्रोव्होल्टचा असतो आणि त्यात आसपासच्या विद्युत् गोंधळाची भेसळ होते. म्हणून झटका अनेक वेळा देऊन लहरींची बेरीज करतात. १६ लहरी मिळवल्या तर संदेश १६ पट होतो. गोंधळ मात्र कधी अधिक, कधी उणे असल्याने सुमारे ४ पटच वाढतो. दुसरी खबरदारी तपमानाची. हात गार पडला की दर अंश सेल्सिअसला वेग सेकंदाला सुमारे दोन मीटरने घटतो. गार हात ऊब न देता तपासला तर निरोगी माणूसही रोगी ठरेल. शेजारच्या मज्जातंतूशी तुलना करण्याचा फायदा येथेच आहे. गारठ्याचा परिणाम दोघांवर सारखाच होतो आणि वजाबाकीत पुष्कळसा निघून जातो.

आकडा आणि माणूस

वेग पाहून वेष्टनाची स्थिती कळते, तर लहरीची उंची पाहून किती तंतू काम करीत आहेत याचा अंदाज येतो. हा भेद महत्त्वाचा आहे. वेष्टन पुन्हा तयार होऊ शकते. म्हणून वेळीच कळले तर रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी, इंजेक्शन किंवा बोगद्याचे छप्पर कापून दाब मोकळा करणारी छोटी शस्त्रक्रिया यांचा चांगला उपयोग होतो. फार उशीर झाला तर अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा सपाट होतो. मग सुईत दोरा ओवणे, गुंडी लावणे कठीण होते आणि ते बळ पुरते परत येईलच असे नाही.

मात्र यंत्राचा आकडा म्हणजे अंतिम निकाल नव्हे. खरोखर त्रास असलेल्या काही रुग्णांची तपासणी निर्दोष येते, तर काहींचा आकडा बिघडलेला असूनही त्यांना त्रास नसतो. म्हणून डॉक्टर आधी रुग्णाचे ऐकतात, हात तपासतात आणि मग आकड्याकडे पाहतात.

वर्गात करून पाहा

शरीराला वीज लावण्याचा प्रयोग कधीही करू नका. वजाबाकीची युक्ती मात्र वर्गातही वापरता येते. २५ जणांनी गोल करून, डोळे मिटून बसावे. प्रत्येकाने आपला हात शेजाऱ्याच्या खांद्यावर आधीच ठेवावा. आपला खांदा दाबला गेला की पुढच्याचा दाबायचा. पूर्ण फेरीचा वेळ घड्याळाने मोजा. मग हात घोट्यावर ठेवून हेच करा. प्रत्येक प्रकार दहा वेळा करून सरासरी काढा. घोट्यापासून मेंदूकडे येणारी वाट खांद्यापेक्षा मीटरभराने लांब असते. दोन सरासरींच्या वजाबाकीला २५ ने भागले की या जादा वाटेचा काळ कळेल. त्यावरून वेग काढा. उत्तर ढोबळच येईल. पण विचार करायला आणि हात हलवायला लागलेला वेळ वजाबाकीत कसा निघून जातो, हे तुम्हांला स्वतः अनुभवता येईल.

आणि घरी कोणी "रात्री हाताला मुंग्या येतात" असे वरचेवर म्हणत असेल, तर ते हसण्यावारी नेऊ नका. त्यांना डॉक्टरांकडे जायला सांगा.