विश्लेषण : ‘सगळे भाग मूळचे’ असलेला जुना गिटार अ‍ॅम्प धोक्याचा का?

गिटार अ‍ॅम्पची हुबेहूब नक्कल करणारे अ‍ॅप आज फोनवर काही मिनिटांत उतरवून घेता येते. तरीही १९५० आणि ६०च्या दशकातील फेंडर, मार्शल, व्हॉक्स यांचे जड, तापणारे ट्यूब अ‍ॅम्प वादक शोधत असतात. जाहिरातीत ‘सगळे भाग मूळचे’ असे लिहिले की किंमत चढते. संग्राहकासाठी ती खूण आनंदाची असेल. वाजवणाऱ्यासाठी मात्र ती आधी धोक्याची सूचना आहे.

ट्यूब म्हणजे नेमके काय?

ज्यांच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता, त्यांना हे वेगळे सांगायला नको. बटण फिरवले की आधी आत नारिंगी उजेड दिसे, आवाज नंतर येई. अ‍ॅम्पमधील ट्यूब म्हणजे तोच व्हॉल्व्ह. निर्वात काचनळीत तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि प्लेटकडे धावतात. वाटेत एक जाळी असते. गिटारचा क्षीण सिग्नल या जाळीवर दिला, की इलेक्ट्रॉनचा प्रवाह त्यानुसार कमी-जास्त होतो आणि सिग्नल मोठा होऊन बाहेर पडतो. त्यासाठी पॉवर ट्यूबच्या प्लेटवर साधारण ३०० ते ४५० व्होल्ट लागतात. घरातल्या सॉकेटपेक्षाही जास्त!

मग आवाजात वेगळे काय?

ट्यूबला तिच्या ताकदीपलीकडे रेटले, की ती आवाजाचे शेंडे एकदम छाटत नाही, हळूहळू दाबते. तांत्रिकदृष्ट्या हा दोषच. लंडनमध्ये ड्रमचे दुकान चालवणाऱ्या जिम मार्शल यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला फेंडरच्या ‘बासमन’वरून आपला पहिला अ‍ॅम्प बनवला. १९६६ मध्ये एरिक क्लॅप्टनने जॉन मेयॉलच्या ‘ब्लूज ब्रेकर्स’ अल्बमसाठी मार्शल अ‍ॅम्प स्टुडिओत मोठ्या आवाजात वाजवला आणि हाच दोष रॉक गिटारचा आवाज ठरला.

सुरू करण्याआधी काय तपासावे?

पहिली गोष्ट व्होल्टेज. जुन्या अमेरिकी अ‍ॅम्पवर बहुधा ११७ व्होल्ट, ६० हर्ट्झ असे छापलेले असते. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. थेट लावला तर मेन ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, पण हर्ट्झ बदलत नाही. केवळ ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर जास्त तापतो. अमेरिकेतल्या नातेवाइकाकडून अ‍ॅम्प मागवणाऱ्यांनी आधी मागच्या पट्टीचा फोटो मागवावा.

दुसरी गोष्ट जिवाशी गाठ घालणारी. त्या काळच्या अनेक अमेरिकी अ‍ॅम्पना दोन पिनांचा प्लग असे, अर्थिंग नसे. गुणगुण कमी करण्यासाठी मेनच्या तारेपासून धातूच्या चॅसिसपर्यंत एक कपॅसिटर जोडलेला असे. तो शॉर्ट झाला की चॅसिसमध्ये करंट येतो, आणि केबलमार्गे थेट गिटारच्या तारांपर्यंत पोहोचतो. तारांवर बोटे आणि ओठ मायक्रोफोनला, एवढ्याने सर्किट पूर्ण होते. तंत्रज्ञ या भागाला ‘डेथ कॅप’ म्हणतात. मंचावरील सदोष अर्थिंग किती महागात पडते, हे १९७२ मध्ये वेल्समधील स्वान्सी येथे दिसले. ‘स्टोन द क्रोज’ बँडचा गिटारवादक लेस हार्वी याचा अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून मृत्यू झाला. म्हणून हा कपॅसिटर काढून तीन पिनांची वायर बसवणे ही दुरुस्ती नव्हे, पूर्वअट आहे. अर्थात घरातल्या सॉकेटला खरेच अर्थिंग आहे ना, हेही पाहावे लागते.

तिसरे, फिल्टर कपॅसिटर. ते काही दशकांत वाळतात. आवाजात घरघर येते, कधी फुटतात. बदलायचे तर जाणकाराकडूनच, कारण प्लग काढल्यावरही त्यात शेकडो व्होल्ट साठून राहू शकतात. पहिल्यांदा सुरू करताना वायरमनकडे असतो तसा सिरीज बल्बचा बोर्ड उपयोगी पडतो. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगतो आणि अ‍ॅम्प वाचतो.

आणखी एक. स्पीकर न जोडता ट्यूब अ‍ॅम्प कधीच वाजवू नये. भार नसला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रचंड व्होल्टेज उसळून तो खराब होऊ शकतो.

नव्या ट्यूब मिळतात का?

मिळतात, पण कारखाने मोजकेच उरले आहेत. मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये. मार्च २०२२ मध्ये रशियाच्या निर्यातबंदीने पुरवठा अडला तेव्हा जगभरचे वादक धास्तावले होते. पुढे निर्यात सुरू झाली. एकेकाळी भारत इलेक्ट्रॉनिक्सही बंगळुरूत व्हॉल्व्ह बनवत असे.

फ्लॅटमध्ये किती वॉट पुरेत?

१०० वॉटचा अ‍ॅम्प ५० वॉटच्या दुप्पट मोठा वाजत नाही. फरक फक्त ३ डेसिबलचा असतो. उलट ५ वॉटचा छोटा ‘फेंडर चॅम्प’ पूर्ण उघडला तरी शेजारी दार वाजवतील. शिवाय ‘ट्विन रिव्हर्ब’ सुमारे ३० किलोचा. लिफ्ट बंद असली की कळते.

मूळपण टिकवायचे असेल तर ट्रान्सफॉर्मर, स्पीकर आणि पेटी जपावी. बदललेले कपॅसिटर आणि जुनी दोन पिनांची वायर तंत्रज्ञाकडून परत मागून पिशवीत ठेवावी. अ‍ॅम्प विकताना ती पिशवी सोबत देता येते.