सातचा कॉल

सकाळी सव्वासहा. मुलुंडच्या सोसायटीखाली प्रॉडक्शनची गाडी लागते तेव्हा ताई आधीच फाटकाशी उभ्या असतात. आमच्या मालिकेत त्या आजीची भूमिका करतात. वय सत्याहत्तर. नाव मुद्दाम लिहीत नाही. स्वतःविषयी छापून आलेलं त्यांना रुचत नाही, आणि मला जे सांगायचं आहे ते त्यांच्या वयाच्या सगळ्याच कलाकारांबद्दल आहे. हातात कापडी पिशवी असते. तीत जेवणाचा डबा, गरम पाण्याचा थर्मास, औषधं आणि दोनशे पानी वही. ड्रायव्हरचा फोन येतो, "ताई बसल्या," की मी सेटवर लाइट लावायला सांगते. मी असिस्टंट डायरेक्टर आहे. कॉलशीट काढणं, कंटिन्युइटी सांभाळणं, कलाकारांकडून सीन वाचून घेणं ही माझी कामं. कोण वेळेवर येतंय यावर माझा अख्खा दिवस अवलंबून असतो, आणि ताईंच्या बाबतीत हा प्रश्न मला कधी पडलेला नाही. माजिवडा नाका लवकर ओलांडला तर घोडबंदर रोड मोकळा मिळतो, हे गणित प्रॉडक्शनच्या आधी त्यांनीच मांडलं होतं.

सात. मेकअप रूम. हाय डेफिनिशन कॅमेरे आल्यापासून वयस्क चेहऱ्याचा मेकअप अवघड झाला आहे. बेस जाड लागला की सुरकुत्यांत जाऊन बसतो आणि दोन तासांत घामाने तडकतो. आमचे मेकअपदादा ताईंना अगदी पातळ बेस लावतात, ओल्या स्पंजने, थापून थापून. डोळ्यांखाली त्याहूनही कमी. सुरकुती झाकायच्या फंदात ते पडत नाहीत, फक्त रंग एकसारखा करतात. ताई डोळे मिटून बसलेल्या असतात, पण ओठ हलत असतात. मग अंबाडा, त्यात गंगावन, आणि पिना टाळूला टोचणार नाहीत अशा बेताने. शेवटी मी मोबाइलवर कालचा फोटो उघडते: कुंकू केवढं, पाटल्या कोणत्या, पदर किती खाली. पडद्यावर आजचा सीन कालच्या सीनला जोडून येणार असतो.

एके दिवशी मी फोटो दाखवायच्या आधीच त्या म्हणाल्या, "अगं, काल चष्मा डाव्या हातात होता. दार उघडायला उजवा हात मोकळा होता माझा." फोटोत चष्मा कुठेच नव्हता. मी खाली जाऊन फुटेज काढून बघितलं. डावाच हात.

आठ. सीन हातात येतो. आधीच शूट करून ठेवलेल्या भागांची बँक असेल तेव्हा तो आदल्या रात्री मिळतो. बँक संपली की लेखक सकाळी लिहितो, आम्ही दुपारी शूट करतो आणि परवा टेलिकास्ट असतं. व्हॉट्सअॅपवर पीडीएफ येते. ताईंसाठी मी मोठ्या टायपात प्रिंट काढते आणि त्या प्रिंटवरून ताई सगळा सीन स्वतःच्या हाताने वहीत उतरवून घेतात. आपली वाक्यं तर असतातच, समोरच्याचीही सगळी असतात. "समोरचा काय बोलणार ते पक्कं असलं की आपलं वाक्य शोधावं लागत नाही," असं त्यांचं म्हणणं.

ही सवय राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमींतली आहे. दिवसा नोकरी, संध्याकाळी तालीम. पुढे व्यावसायिक नाटकं, एसटीच्या आणि नाटकाच्या बसने दौरे. १९७२ मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झाल्यावर वरळीच्या स्टुडिओतली कामं. चाळिशीच्या आतच सिनेमात हिरोची आई. १९९९ मध्ये अल्फा मराठी आलं आणि मालिका सुरू झाल्या. एवढ्या वर्षांत मंच गेला, फिल्म गेली, टेप गेली, आता कार्डावर शूट होतं. वहीत सीन उतरवणं मात्र एकदाही सुटलेलं नाही. "या वयात काय पाठांतर आहे!" असं सेटवर येणारा प्रत्येक पाहुणा म्हणतो. मला ते कौतुक अपुरं वाटतं. स्मरणशक्ती देवाची देणगी असेल, पण हा रोज सकाळचा तास ताईंनी स्वतः काढलेला असतो.

नऊ. दिवाणखान्यातला सीन, नऊ पात्रं. आधी मास्टर, मग एकेकाचे क्लोज. क्लोज आपला नसला की बरेच जण खोलीत निघून जातात आणि क्यू द्यायचं काम माझ्याकडे येतं. मी क्यू देते म्हणजे वाक्यं वाचून दाखवते, त्यात अभिनय नसतो, आणि कॅमेऱ्यासमोरच्या माणसाला भिंतीशी बोलावं लागतं. ताई जात नाहीत. नातसुनेचं काम करणाऱ्या मुलीची ही पहिलीच मालिका. तिचा क्लोज काही केल्या जमेना. रागवायच्या जागी ती नुसती मोठ्याने बोलत होती. ताई कॅमेऱ्याच्या बाजूला, लाइटच्या स्टँडला धरून उभ्या होत्या. पुढच्या टेकला त्यांनी आपलं वाक्य एकदम खालच्या आवाजात टाकलं आणि शेवटचा शब्द अर्धवट सोडला. मुलगी चमकली, क्षणभर थांबली आणि मगच बोलली. तो थांबा हवा होता. टेक ओके. ताईंचा तो आवाज भागात कुठेही ऐकू येणार नाही, त्या जागी मुलीच्याच चेहऱ्याचा शॉट आहे.

साडेअकरा ते दीड. थांबणं. मालिकेच्या कामातला सगळ्यात मोठा भाग हाच, आणि वयस्क कलाकारांच्या वाट्याला तो सगळ्यात जास्त येतो. नायिकेला प्रोमोला जायचं असतं, नायकाची दुसरीकडे तारीख असते, म्हणून त्यांचे सीन पुढे ओढले जातात. आजीची दुसरीकडे तारीख नसते, असं आम्ही धरून चालतो. ताई खोलीत बसतात, साडी चुरगळू नये म्हणून आडव्या होत नाहीत. नवी मुलं त्यांच्याभोवती जमतात आणि जुन्या गोष्टी निघतात.

ललिता पवारांची गोष्ट ताईंना फार जवळची. मूकपटांच्या काळात बालकलाकार म्हणून सुरुवात, मग नायिका. १९४२ मध्ये एका चित्रपटात भगवानदादांना त्यांच्या थोबाडीत मारायची होती. ती इतक्या जोरात बसली की चेहऱ्याला लकवा झाला, डावा डोळा कायमचा अधू झाला. नायिकेचं काम संपलं. उपचारांत काही वर्षं गेली आणि मग तोच डोळा घेऊन त्या खाष्ट सासू झाल्या, १९५५च्या 'श्री ४२०' मध्ये केळी विकणारी मायाळू गंगामाई झाल्या, १९५९च्या 'अनाडी' मध्ये मिसेस डिसा झाल्या. १९८७ मध्ये दूरदर्शनवर 'रामायण' आलं तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या ललिताबाईंची मंथरा घराघरांत पोचली. "नायिका म्हणून किती वर्षं मिळाली असती त्यांना?" ताई विचारतात. "दहा? पंधरा?" खोलीतल्या मुली गप्प होतात, कारण त्यांचं स्वतःचं गणित तेवढंच असतं.

दीर्घ कारकीर्द म्हणजे काय, याचं मला पटणारं उत्तर इथेच सापडतं. आपली जागा बदलते आहे हे वेळेत ओळखणं, आणि नव्या जागेवर तितक्याच निष्ठेने उभं राहणं. दुर्गाबाई खोटे १९३२च्या 'अयोध्येचा राजा'त तारामती होत्या, १९६० मध्ये 'मुघल-ए-आझम'मध्ये जोधाबाई, आणि पुढे त्यांच्याच निर्मितीसंस्थेने दूरदर्शनसाठी 'वागळे की दुनिया' केली. त्या मालिकेतल्या वागळे दांपत्याला, अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर यांना, २०२१च्या नव्या 'वागळे की दुनिया'त आपण घरातले आजी-आजोबा म्हणून पाहिलं. डॉ. श्रीराम लागूंनी तर कान-नाक-घशाचा व्यवसाय सोडून पूर्ण वेळ रंगभूमी धरली ती चाळिशी उलटल्यावर, आणि १९७० मध्ये 'नटसम्राट' उभं केलं. आणि गोखल्यांचं घर: कमलाबाई १९१३च्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये होत्या, त्यांचे चिरंजीव चंद्रकांत, नातू विक्रम. तिघांनीही म्हातारपणापर्यंत काम केलं. आपल्याकडे हे नशिबाचं किंवा रक्ताचं म्हणून सांगतात. मी रोज जे पाहते त्यावरून सांगते, यात शिस्तीचा वाटा मोठा आहे.

दीड. जेवण. ताईंना इन्सुलिन घ्यावं लागतं, त्यामुळे जेवणाची वेळ पुढे ढकललेली चालत नाही. "एवढा शॉट घेऊन ब्रेक करू" हे वाक्य बाकीच्यांना पंधरा मिनिटांचं असतं, त्यांना चक्कर आणू शकतं. त्या स्वतः कधी बोलत नाहीत. म्हणून एक वाजून वीस मिनिटांनी मीच दिग्दर्शकाच्या कानाशी लागते.

जेवताना २०२०, कोरोनाचं वर्ष, हमखास निघतं. ३० मे २०२० रोजी राज्य सरकारने चित्रीकरण पुन्हा सुरू करायला परवानगी दिली, पण पासष्टच्या पुढच्या कलाकारांना सेटवर यायला मनाई केली. हेतू त्यांच्या जिवाच्या काळजीचा होता. पण रोजंदारीवर जगणाऱ्या, घरभाडं आणि औषधं स्वतःच्या कमाईतून भागवणाऱ्या कलाकारांचं काय, याचं उत्तर त्या आदेशात नव्हतं. सत्तर वर्षांचे एक चरित्र अभिनेते मुंबई उच्च न्यायालयात गेले. त्याच वयाच्या माणसाला आपलं दुकान उघडून दिवसभर बसायला मोकळीक आहे, मग कलाकारालाच बंदी का, हा मुद्दा होता. ७ ऑगस्ट २०२० रोजी न्यायालयाने ती अट रद्द केली.

पुढच्याच महिन्यात आशालता वाबगावकर गेल्या. 'मत्स्यगंधा' नाटक गाजवलेल्या, गोव्याच्या मातीतल्या, शेवटपर्यंत काम करणाऱ्या आशालताबाई साताऱ्यात मालिकेचं चित्रीकरण करत होत्या, तिथेच त्यांना कोरोनाची लागण झाली आणि २२ सप्टेंबर २०२० रोजी साताऱ्यातच त्यांचं निधन झालं. या दोन तारखा मी नेहमी एकत्र आठवते. न्यायालयाने दिलेला हक्क बरोबरच होता. पण हक्क मिळाल्यावर सांभाळायची जबाबदारी सेटवरच्या माणसांची असते, आणि ती कोणत्याही निकालपत्रात लिहिलेली नसते.

अडीच. दुपारचं सत्र. पूजेचा सीन आहे. टेक सुरू झाला की एसी बंद, पंखे बंद, कारण माइकवर आवाज येतो. वर लाइट, अंगावर काठापदराची साडी. सीनमध्ये आजी पाटावर बसलेली आहे. ताईंच्या गुडघ्यांना खाली बसणं झेपत नाही, म्हणून पाटाखाली दोन चौरंग घेतले आणि समोर फुलांची परडी ठेवून झाकले. फ्रेममध्ये आजी जमिनीवरच दिसते. याला पाच मिनिटं लागली. इतकी साधी गोष्ट, पण कुणी तरी ती आधी मनात आणावी लागते.

सीनच्या शेवटी डोळ्यांत पाणी यायचं आहे. पहिल्या टेकला ते आपसूक आलं. मग कॅमेऱ्याची जागा बदलली, तिसऱ्या टेकला ताईंनी स्वतःहून ग्लिसरीन मागितलं. नवी मुलगी बघत राहिली. ताई तिला म्हणाल्या, "बाळा, थेंब त्याच वाक्याला, त्याच गालावर पडायला हवा. नाहीतर एडिटरने जोडायचं कसं?" खरे अश्रू म्हणजेच खरा अभिनय असं मानणाऱ्यांनी हा शॉट बघावा. कोणता टेक आपसूक आलेल्या पाण्याचा आणि कोणता ग्लिसरीनचा, मलाही मॉनिटरवर ओळखता आलं नाही.

साडेपाच. आवाज थोडा बसतो. थर्मासमधलं गरम पाणी, मिठाच्या गुळण्या. एवढंच.

सात. बारा तास भरले. तेवढ्यात निरोप येतो की आजीचा एक सीन राहिला आहे, नायिका आत्ता मोकळी झाली. ताई पिशवी खाली ठेवतात आणि पुन्हा वही उघडतात. पॅकअप होतं तेव्हा पावणेनऊ झालेले असतात आणि घोडबंदर रोड गाड्यांनी भरलेला असतो. आजच्या दिवसाचा मोबदला हातात येईल तो नव्वद दिवसांनी, आमच्या धंद्याच्या रिवाजाप्रमाणे. तिशीतल्या माणसाला तीन महिने ही नुसती अडचण असते. ज्याला ना पेन्शन ना भविष्यनिर्वाह निधी, त्या सत्याहत्तर वर्षांच्या माणसाकडून तीन महिन्यांची उधारी मागणं अन्यायाचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे वाचणाऱ्यांत निर्माते असतील, एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर असतील, माझ्यासारखे कॉलशीट काढणारे असतील, त्यांना विनंती आहे. सत्तरीच्या कलाकारांचे पैसे महिन्याच्या आत द्या. दुपारचं जेवण एका शॉटसाठी थांबवू नका. त्यांचे सीन सलग लावा आणि त्यांना उजेडात घरी पाठवा. उद्याची कॉलशीट मी आत्ता काढते आहे. ताईंचे चारही सीन जेवणाच्या ब्रेकआधी लावले आहेत. सकाळी कुणाच्या तारखेसाठी ते खाली सरकवू नका.